टोमक्या कसा दिसतो

“पण नाही का, ते तरी सांगाल?”

निषाद पेंडसे उभ्यानंच विचारत होता. खांद्यावरची पिशवी अजून उतरवली नव्हती.

कुरणेबाई घराच्या ओसरीवर पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. अंगठ्यानं दाबायचं, टच् आवाज, दाणे सुपात, टरफल बाजूला.

“मी कुठं नाही म्हटलं,” बाई म्हणाल्या. “आल्यापासून तूच म्हणतोयस.”

“बाकीच्यांना म्हणालात.”

“त्यांना म्हणाले.”

“म्हणजे मलाही म्हणणार.”

“शहाणा आहेस. मग आलास कशाला?”

…

गारगोटीच्या बालवाडीत बाईंनी जन्म काढला. शिकवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लिहायचं कसं, हेही नाही. गोष्ट आधी पोरांना सांगायची. सांगून सांगून पाट्यावरच्या वरवंट्यासारखी गुळगुळीत झाली की मग कागदावर. बालसाहित्य म्हटलं की लोक आवाज गोड करतात. बाईंनी तो कधी केला नाही.

त्यांच्या सगळ्या गोष्टींची पुस्तकं झाली. एक सोडून.

रानात टोमक्या येतो आणि सगळं रान घाबरतं, ती गोष्ट. तालुक्यातल्या दोन पिढ्या ती ऐकत मोठ्या झाल्या, पण छापायला बाईंनी ती कुणाला दिली नाही. टोमक्या कसा दिसतो याबद्दल त्या गोष्टीत एक अक्षर नाही.

चित्रकार आले. एकानं टोमक्याला शिंगं काढली. एकीनं तो निळा केला. एकानं त्याला तीन डोळे दिले आणि वर चष्मा घातला. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुस्तकाचा नमुना ज्याचा त्याला परत दिला.

निषाद पुण्याचा. मुलांच्या पुस्तकांत त्याची चित्रं असली की पुस्तक आधी मोठी माणसंच विकत घेत. बाहेरच्या देशातही त्याच्या चित्रांना मान मिळाला होता. आणि चित्रांना मान मिळाला की चित्रकाराची मान आधी ताठ होते, हे कुणीही सांगेल.

पण ही गोष्ट त्याला हवी होती, ती मानासाठी नाही. त्याचा मामा गारगोटीचा. सुट्टीत आलेला पाहुणा म्हणून तो एकदा बालवाडीच्या ओसरीवर जाऊन बसला होता, आणि बाई तेव्हा टोमक्या सांगत होत्या. तेव्हापासून टोमक्या त्याच्या पोटात होता. आता प्रकाशक तयार होता, छपाईची तारीख धरलेली होती. अडलं होतं ते बाईंच्या एका ‘हो’वर.

“मी टोमक्या पाहिलाय, बाई,” तो म्हणाला. “तुमच्याच बालवाडीत.”

“पाहिला असशील.”

“अगदी स्पष्ट पाहिला.”

“तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?”

“शेजारी? … आता कसं आठवणार?”

“त्यानंही पाहिला असेल,” बाई म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

…

निषादनं पिशवीतून पुस्तक काढलं. छापायच्या आधीचा नमुना, त्यानं स्वतः बांधलेला. बटर पेपरात गुंडाळलेला. कागद इतक्या जपून सोडवला की जणू आत तूप होतं.

बाईंनी हात पुढं केला.

“बाई, हात जरा… म्हणजे, पुसून घेता?”

बाईंनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

“शेंगांची माती आहे. विषारी नाही.”

“तसं नाही. मूळ रंग आहेत, डाग पडला तर…”

“पोरं हात पुसून येतील का रे?”

“ती छापलेली प्रत हाताळतील. हा नमुना आहे.”

बाईंनी पदराला हात पुसला. सावकाश. एकेक बोट. अंगठा शेवटी. रुंद अंगठा, नख मधोमध चिरलेलं.

निषाद जवळ सरकला. “हे पहिलं पान. इथं मी मुद्दाम हिरव्याच्या सात छटा…”

“थांब.”

“नाही, म्हणजे संदर्भ कळला तर…”

“हे पुस्तक घरोघर जाईल, तेव्हा तू बरोबर जाणार आहेस का?”

“नाही.”

“मग इथंही गप्प बस.”

तो खुर्चीकडं वळला.

“तिथं नाही. खाली.”

“खाली?”

“बालवाडीत खुर्चीत बसला होतास का?”

निषाद फरशीवर बसला. आधी पँट वर ओढून, मग मांडी घालून. चित्रकार लोकांना खुर्चीची सवय फार.

बाईंनी पाटावरच बसून पुस्तक गुडघ्यावर उभं केलं, तोंड निषादकडं. डाव्या हातानं खालचा कोपरा पकडला. बोटं मागं, अंगठा पुढं. जन्मभर असंच धरलं होतं. स्वतःला चित्र दिसत नाही, शब्द दिसत नाहीत. बाईंना शब्द बघायची गरज नव्हती.

“रानात कोण आला?” बाई म्हणाल्या. “टोमक्या आला.”

आवाज गोड नव्हता. साधा होता. पण निषाद मांडी आवरून बसला.

“ससा म्हणाला, बाई गं, केवढा मोठा. मुंगी म्हणाली, मोठा नाही रे, जवळ. केवढा जवळ.”

“बाई.”

“काय?”

“अंगठा.”

“काय झालं अंगठ्याला?”

“झाकलं गेलंय.”

“काय?”

“टोमक्या.”

बाईंनी पान उलटलं. अंगठा क्षणभर सुटला आणि नव्या पानावर त्याच जागी बसला.

“गवा म्हणाला, मी नाही बघत. नाही बघितला तर नाही आलेला.”

“बाई, इथंही.”

“इथंही काय?”

“प्रत्येक पानावर तो तिथंच आहे. उजव्या कोपऱ्यात, खाली. तीच तर सगळी गंमत आहे, बाई. सगळं रान घाबरतंय, गव्यासारखा गवा घाबरतोय, आणि टोमक्या केवढासा, तर एवढासा. कोपऱ्यात बसलेला. त्याच्या अंगावरचा एकेक केस काढलाय मी.”

“बरं.”

“मग जरा वर धरता? किंवा त्या बाजूनं?”

“त्या बाजूनं धरलं तर पान कसं उलटू?”

“नुसता अंगठा उचला.”

“उचलला तर पुस्तक पडेल. तुझे मूळ रंग आहेत.”

निषादचे ओठ नुसतेच हलत होते.

बाई सांगत राहिल्या. “टोमक्या काही बोलेना. टोमक्या हलेना. मुंगी म्हणाली, भूक लागली असेल. सशानं करवंद आणलं. मुंगीनं साखरेचा कण आणला. गव्यानं गवत आणलं, डोळे मिटून आणलं. ठेवलं पुढ्यात.”

पान उलटलं. अंगठा सुटला, बसला.

“टोमक्यानं खाल्लं का?”

बाई थांबल्या.

…

दूर कुणाच्या तरी परसात कोंबडी ओरडली.

…

निषाद हळूच पुढं झुकला. मान वाकडी केली. एक हात फरशीवर टेकला आणि अंगठ्याच्या मागं काय आहे ते बघायला डोकं खाली घातलं.

“काय बघतोयस?” बाई म्हणाल्या.

“कुठं काय.”

“वाकलास ना.”

“खाल्लं की नाही ते…”

तो मधेच थांबला.

“चित्र कुणी काढलं?” बाईंनी विचारलं.

“मी.”

“मग तुला माहीत नव्हतं?”

निषादचे कान लाल झाले. तो सरळ बसला.

“क्षणभर… विसरलो.”

बाईंनी पुस्तक मिटलं. बटर पेपरात गुंडाळलं, त्याच्याइतकंच जपून, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

“घेऊन जा.”

“म्हणजे नाही?”

“म्हणजे जेवून जा. तोंड बघ केवढंसं झालंय.”

…

भाकरी होती, शेंगदाण्याची आमटी होती. निषाद खाली मान घालून जेवत होता. मानी माणूस रागात असला की कमी जेवतो, असं म्हणतात. निषादनं दुसरी भाकरी घेतली.

“हे पुस्तक कुणाला वाचून दाखवलंस?” बाईंनी विचारलं.

“दाखवलं की. प्रकाशकांच्या ऑफिसात. सगळे होते. भिंतीवर, मोठं करून.”

“भिंतीवर.”

“हो. एकेक रेघ दिसत होती.”

“दिसणारच. भिंतीला पुस्तक धरावं लागत नाही.”

निषादनं घास खाली ठेवला.

“एक बोलू, बाई? गुरूनं शिष्याचा अंगठा मागितला, हे ऐकलं होतं. गुरूनं स्वतःचा अंगठा मधे घातला, हे आज पाहिलं.”

बाई हसल्या. हसता हसता ठसका लागला. पाणी प्याल्या आणि पुन्हा हसल्या.

“माझाच आहे लेका,” त्या म्हणाल्या. “कुणाकडनं मागून आणलेला नाही.”

“पण चित्रं पाहिलीत तरी का? नीट?”

“पाहिली. तू हात धुवायला गेलास तेव्हा.”

“मग?”

“ससा चांगलाय.”

“आणि टोमक्या?”

“आणखी आमटी घे.”

तो घेईना. बाईंनी वाढली.

…

मधे दिवस गेले. छपाईची तारीख आली तशी गेली. प्रकाशकानं आधी फोन केले, मग बोटं मोडली, मग दुसरं पुस्तक हाती घेतलं. लोक म्हणाले, पेंडशांचा हात आखडला. काही म्हणाले, बरंच झालं, फार उडत होता. आपल्याकडं दुसऱ्याच्या हाताची काळजी करणारे पुष्कळ.

गारगोटीत पुन्हा शेंगा आल्या. बाई पुन्हा ओसरीवर सूप घेऊन बसल्या.

निषाद आला. पिशवी उतरवली आणि न सांगता फरशीवर बसला. सुपातली एक शेंग घेतली, अंगठ्यानं दाबली. ती फुटली नाही. दाताखाली घेतली.

“शिवणीवर दाब,” बाई म्हणाल्या.

दुसरी फुटली.

बऱ्याच शेंगा झाल्यावर त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. बटर पेपर नव्हता. पुस्तक वर्तमानपत्रातसुद्धा गुंडाळलेलं नव्हतं. एक कोपरा दुमडलेला, पाठ सैल झालेली.

बाईंनी हात पुढं केला. निषाद हाताबद्दल काही बोलला नाही.

बाईंनी पुस्तक नाकाशी नेलं. खालचा कोपरा हुंगला.

“वरण?”

“आमच्या खालच्या मजल्यावर राहते एक मुलगी. अनुश्री. गोष्ट ऐकल्याशिवाय जेवत नाही.”

“मूळ रंग आहेत ना रे?”

“आहेत.”

“डाग पडला की.”

“पडला.”

“मग?”

“तिनं दुसऱ्यांदा सांगायला लावली.”

बाईंनी सूप बाजूला सारलं.

…

त्यांनी पहिलं पान उघडलं.

ससा होता. मुंगी होती, गवताच्या पात्याच्या टोकावर उभी. गवा होता, झाडामागं लपलेला, आणि झाड त्याच्या निम्म्यालाही पुरत नव्हतं. टोमक्या नव्हता.

उजव्या कोपऱ्यात, खाली, नुसता कागद होता. रंग तिथवर येऊन थांबले होते.

बाईंनी दुसरं पान पाहिलं. तिसरं. कुठंच नाही.

निषाद शेंगा फोडत होता. वर बघत नव्हता.

“तुझी सही पण नाही कुठं,” बाई म्हणाल्या.

“कोपऱ्यातच करायचो. आता तिथं जागा नाही.”

“आहे की. मोकळाच आहे कोपरा.”

“मोकळा नाही तो, बाई.”

बाईंनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग पुस्तक फिरवलं, गुडघ्यावर उभं केलं, तोंड त्याच्याकडं. बोटं मागं, अंगठा पुढं.

“रानात कोण आला? टोमक्या आला.”

निषादला हसू आलं. त्यानं ते दाबलं.

“ससा म्हणाला, बाई गं, केवढा मोठा. मुंगी म्हणाली, मोठा नाही रे, जवळ. केवढा…”

बाई थांबल्या.

“हसायला काय झालं?”

“काही नाही. सांगा पुढं.”

“काय दिसतंय तुला?”

“टोमक्या.”

“कसा आहे?”

“म्हातारा आहे,” निषाद म्हणाला. “रुंद. नख चिरलंय मधोमध. अनुश्रीकडं असतो तेव्हा चिमुकला असतो, आणि ओला असतो.”

…

बाईंनी पुस्तक स्वतःकडं वळवलं. मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, पोरं धरतात तसं. उजवा अंगठा आपोआप कोपऱ्यावर जाऊन बसला.

ससा त्याच्याकडं बघत होता. दोन्ही कान मागं पडलेले. मुंगी पात्यावरून वाकून त्याच्याकडंच बघत होती. गव्यानं डोळे घट्ट मिटले होते, पण त्याचंही तोंड त्याच दिशेला होतं. सगळं रान बाईंच्या अंगठ्याकडं बघत होतं.

बाई बघत राहिल्या.

मग त्यांनी अंगठा हळूच मागं घेतला. अगदी सावकाश, पानाच्या कडेपर्यंत.

“घाबरलाय बिचारा,” त्या म्हणाल्या.

निषादनं आता वर पाहिलं. शेंग हातातच राहिली होती.

बाईंनी पान उलटलं. करवंद आलं, साखरेचा कण आला, गवत आलं. सगळं कोपऱ्याजवळ मांडलेलं. ससा दोन पावलं पुढं आला होता. एक कान उभा, एक अजून मागं. बाईंनी अंगठा पुन्हा पानावर टेकवला, पण जरा लांब. मग थोडा जवळ. मग आणखी थोडा. रांगत्या पोराजवळ अनोळखी माणसानं सरकावं तसा.

“टोमक्या काही बोलेना,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “टोमक्या हलेना. कारण टोमक्यालाही भीती वाटत होती.”

हे वाक्य त्या पूर्वी मोठ्यानं म्हणत. आज पुटपुटल्या.

निषाद पदराकडं, भिंतीकडं, सुपाकडं बघत होता. बाईंच्या तोंडाकडं बघायचं धाडस होत नव्हतं. चित्रांना बाहेरच्या देशातला मान मिळताना तो निवांत उभा होता, म्हणतात. इथं तो हातातली शेंग नुसती फिरवत होता.

शेवटचं पान.

रानात सगळे निजले होते. गवा आडवा पसरला होता, डोंगरासारखा. त्याच्या शिंगावर मुंगी. आणि ससा पार कोपऱ्यात येऊन, मोकळ्या जागेला डोकं टेकून, अर्धे डोळे मिटून पडला होता. टेकायला तिथं काहीच नव्हतं. नुसता कागद.

बाईंनी अंगठा तिथं ठेवला.

सशाचं डोकं अंगठ्यावर टेकलं.

…

बाई हलल्या नाहीत.

…

ऊन ओसरीच्या पायरीवरून सरकलं. सुपातल्या दाण्यांवर एक चिमणी येऊन बसली, दाणा उचलून गेली, पुन्हा आली. बाईंनी तिला हाकललं नाही. दुसरा हात मोकळा होता, तरी नाही.

निषादनं हातातली शेंग खाली ठेवली.

“बाई…”

बाईंचा अंगठा पानावरच होता.

“बाई, पुस्तक… प्रकाशक पुन्हा तयार झालेत. तुमचं काय ते कळलं असतं तर.”

बाई पानाकडं बघत होत्या.

“म्हणजे तुम्ही हो म्हणताय, की…”

बाईंनी डावा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.

“हळू बोल लेका,” त्या म्हणाल्या. “आत्ता कुठं त्याचा डोळा लागतोय.”